बाळसं धरेपर्यंत

गेल्या महिन्यात आमच्या सेक्शनमधली एक नवीन मुलगी जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी आली. हातात सोनोग्राफीचा लिफाफा. "मॅम, आपके टाइम पे भी ऐसा ही कुछ लिखा था ना?" असं म्हणून तिने रिपोर्ट पुढे केला. एका ओळीखाली तिने स्वतःच पेनने रेघ मारली होती. गर्भाची वाढ अपेक्षेपेक्षा कमी, असा त्या ओळीचा अर्थ. मला जे सुचलं ते मी सांगितलं, डबा तिच्यासोबत खाल्ला, आणि घरी येताना मेट्रोत लक्षात आलं की निम्मं सांगायचं राहूनच गेलं. ते राहिलेलं निम्मं इथे लिहिते आहे.

मी डॉक्टर नाही. रिपोर्टातले आकडेही मला आता आठवत नाहीत. त्या तीन महिन्यांत आमच्या घरात काय झालं, एवढंच मला माहीत आहे.

पोट तीन आठवडे मागे

मी मीनल. जन्म आणि शिक्षण दिल्लीतलं, कारण बाबा केंद्र सरकारात होते. आता मीही एका मंत्रालयात असिस्टंट आहे. नवरा विनय मूळचा नगरचा, दुसऱ्या एका खात्यात. द्वारकेत एका सोसायटीत आम्ही राहतो. लग्नाला सहा वर्षं झाली होती. एक गर्भ दहाव्या आठवड्यात गेला होता, त्यामुळे या वेळी मी पाचवा महिना सरेपर्यंत ऑफिसात कुणाला काही सांगितलंसुद्धा नव्हतं.

अठ्ठाविसाव्या आठवड्यात डिस्पेन्सरीतल्या डॉक्टरांनी पोटावर टेप लावून माप घेतलं, पुन्हा घेतलं, आणि म्हणाल्या, "थोड़ा छोटा लग रहा है. एक स्कैन करवा लो." आवाज अगदी साधा होता. मीही साधंच घेतलं.

सोनोग्राफीच्या खोलीत जाण्याआधी दर वेळी एक फॉर्म भरून सही करावी लागते, की मुलगा आहे की मुलगी हे मला जाणून घ्यायचं नाही. भिंतीवर तसा बोर्डही असतो. त्यामुळे मशीनचा पडदा आपल्याकडे वळवलेला नसतो. आपण छताकडे बघायचं, नाहीतर डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे. डिस्पेन्सरीने मला पाठवलं त्या हॉस्पिटलातल्या सोनोग्राफीच्या डॉक्टर सेठी चांगल्या बडबड्या होत्या. राजीव चौकला मेट्रो बदलताना मला कोणी बसायला जागा देतं का, डब्यात आज काय आणलं, असं विचारत त्यांचा हात चालू होता.

मग त्या बोलायच्या थांबल्या.

एकाच जागी त्यांनी तीनदा माप घेतलं. कळ दाबल्याचा टिक असा आवाज व्हायचा, मग शांतता, मग पुन्हा टिक. "आखरी पीरियड की तारीख पक्की है ना?" मी हो म्हटलं. त्यांनी टिश्यू माझ्या हातात दिले आणि स्वतः खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. इतक्या रांगेच्या हॉस्पिटलात डॉक्टर उगाच कुणासमोर बसत नाहीत.

त्यांनी सांगितलं ते असं : डोकं तारखेप्रमाणे आहे, मांडीचं हाड जवळपास ठीक, पण पोटाचा घेर तीन आठवडे मागे. "बच्चे को जितना मिल रहा है, वो पहले दिमाग को दे रहा है. पेट के लिए बच नहीं रहा."

"तो मैं ज्यादा खाऊँ?"

"आपकी थाली की बात नहीं है. प्लेसेंटा से पूरा पहुँच नहीं रहा. आपने कुछ गलत नहीं किया है, ये बात याद रखिए."

पंधरा दिवसांनी पुन्हा मोजू, तोवर जड काम नको, डाव्या कुशीवर झोपा, बाळाची हालचाल मोजत जा, असं त्यांनी लिहून दिलं. मी काही गलत केलेलं नाही, हे वाक्य मी ऐकलं. विश्वास मात्र ठेवला नाही. घरी येईपर्यंत मी सहा महिन्यांतला प्रत्येक चहा आणि मेट्रोचा प्रत्येक जिना आठवून बघितला.

आमच्याकडे सगळे लहानच

सासूबाई त्याच आठवड्यात नगरहून आल्या होत्या. बाळंतपण आटोपून, बाळाचा बाप्तिस्मा करूनच परत जाणार होत्या. तीस वर्षं त्यांनी प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यामुळे कुठलाही कागद त्या पेपर तपासल्यासारखा वाचतात. रिपोर्टही त्यांनी चष्मा लावून जेवणाच्या टेबलावर दोनदा वाचला आणि घडी घालून ठेवला.

"लहान आहे म्हणे. असू दे की. आमच्याकडे सगळे लहानच. विनय चार पौंडांचा होता. आता बघ, दारात उभा राहिला तर माणूस आत येत नाही."

दुसऱ्या दिवसापासून डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, नाचणीचं सत्त्व सुरू झालं. मी डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं की हे माझ्या खाण्याचं नाही, वारेचं आहे. वार हा शब्दसुद्धा मला त्यांच्याकडूनच कळला होता, मी तोवर प्लेसेंटाच म्हणत होते. त्या म्हणाल्या, "वारेला तरी कुठून मिळणार? खाण्यातूनच ना?" मी मळमळेपर्यंत खाल्लं.

विनय मध्ये अडकला होता. एकदा स्वयंपाकघरात हळू आवाजात मला म्हणाला, "आई म्हणतेय त्यात काही तथ्य असेल यार. मशीनसुद्धा चुकतंच की."

आता एक गोष्ट लिहायची आहे, आणि तीच मला सगळ्यात जड जाते आहे. पुढची तपासणी मंगळवारी होती. संसदेचं अधिवेशन चालू होतं, आमच्या सेक्शनमधून प्रश्नांची उत्तरं जायची होती. मी फोन करून तारीख आठवडाभर पुढे घेतली. सगळ्यांना ऑफिसचं कारण सांगितलं. खरं कारण असं होतं की मला ती खोली नको होती. टिक, शांतता, टिक, हे पुन्हा ऐकायचं नव्हतं. ते सात दिवस आमच्या घरात इतके छान गेले की विचारू नका. आई, म्हणजे सासूबाई, आणि मी सेक्टरच्या बाजारात जाऊन पांढरी लोकर आणली. विनयने नाताळचा तारा गॅलरीत टांगला. त्या आठवड्यात मला कोणी रागावलं नाही की कोणी समजावलं नाही.

तुम्हाला कुणी तपासणीची तारीख दिली असेल तर ती पुढे ढकलू नका. न कळल्याने मिळणारी शांतता खरी नसते, आणि तिचा हिशेब बाळाला द्यावा लागतो.

मांडी

त्या दिवशी धुकं इतकं होतं की रिक्षावाल्याने सोसायटीच्या गेटपासून दिवा लावूनच गाडी चालवली. विनयला सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून आई माझ्यासोबत आल्या. त्यांना आत सोडलं नाही. त्या बाहेर बाकावर विणकाम घेऊन बसल्या.

डॉक्टर सेठींनी जेलची बाटली हीटरसमोर ठेवून कोमट केली होती. त्या आज पहिल्यापासूनच गप्प होत्या. पोट मोजलं. तीन आठवड्यांत जेमतेम एका आठवड्याइतकं वाढलं होतं.

मी घाईघाईने म्हटलं, "मैडम, हमारे यहाँ सब बच्चे छोटे ही होते हैं. मेरे हसबैंड भी..."

मग त्यांनी यंत्र सरकवलं, बाळाच्या मांडीवर आणलं, आणि पहिल्यांदाच पडदा जरासा माझ्याकडे वळवला. पडद्यावर फक्त मांडी होती, बाकी काही नाही.

"ये हड्डी. ये मसल. ये बाहर वाली चमकीली लाइन, ये स्किन है. अब स्किन और मसल के बीच में देखिए."

मी बघितलं. मला काहीच दिसलं नाही.

"वही. कुछ दिख नहीं रहा ना? यहाँ एक पट्टी होनी चाहिए, चर्बी की. वजन तो मशीन का अंदाजा है, ऊपर-नीचे हो सकता है. लेकिन जो बच्चा खानदानी छोटा होता है, वो अपने हिसाब से भरा हुआ होता है. ये बच्चा भरा हुआ नहीं है. इसके पास जमा करने को कुछ आ ही नहीं रहा."

त्यानंतर त्यांनी नाळेतला रक्तप्रवाह ऐकवला. हुश्श, हुश्श. प्रत्येक ठोक्यानंतर रक्त बाळाकडून वारेकडे थोडं तरी वाहत राहायला हवं, असं त्यांनी सांगितलं. इथे दोन हुश्शच्या मध्ये काहीच नव्हतं. अगदी रिकामं.

"आज घर नहीं जाना है," त्या म्हणाल्या.

मी बाहेर आले. आई उभ्या राहिल्या, मांडीवरचा लोकरीचा गुंडा खाली पडून घरंगळत गेला.

"काय म्हणाली?"

"बाळ उपाशी आहे, आई."

"असं बोलू नये!" त्या इतक्या मोठ्याने ओरडल्या की अख्खी रांग आमच्याकडे बघायला लागली. "लहान आहे म्हण. लहान आहे. उपाशी कशाला म्हणतेस?"

मला वाटलं, त्या माझ्यावर चिडल्यात, माझ्या अभद्र बोलण्यावर. मीही चिडले. "मला त्यांनी दाखवलंय. मांडीवर चरबीच नाही तिथे." त्या खाली बसल्या.

विनयला फोन केला. सगळं सांगून झाल्यावर त्याचं पहिलं वाक्य होतं, "मंगळवारीच जायला हवं होतं ना?" मी फोन ठेवून दिला.

रोजचं मोजमाप

वॉर्डमध्ये माझी खाट खिडकीजवळची होती. शेजारी नजफगढकडची सरोज, तिचंही असंच, फक्त तिचं दुसरं बाळंतपण. सकाळी सिस्टर बी.पी. बघायच्या, मग वजन. नाश्त्यानंतर डाव्या कुशीवर पडून बाळाची हालचाल मोजायची. सरोज बोटांच्या पेरांवर मोजायची, मी जुन्या वर्तमानपत्राच्या कडेला पेनाने रेघा मारायची. त्यानंतर पोटाला पट्टे बांधून मशीनवर बाळाचे ठोके घेत, कागदाची लांब पट्टी बाहेर येत राही. एक दिवसाआड सोनोग्राफी. पहिल्या दोन दिवसांत बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून कमरेत इंजेक्शनं दिली.

आमच्या युनिटच्या मोठ्या मॅडम राउंडला आल्या तेव्हा मी त्यांना सरळ विचारलं, "बच्चे को निकाल क्यों नहीं लेते?"

"अभी निकालेंगे तो बहुत कच्चा है. अंदर एक-एक दिन का फायदा है, जब तक अंदर रहना सेफ है. जिस दिन लगेगा बाहर ज्यादा सेफ है, उसी दिन निकाल लेंगे."

"और वो दिन हमसे चूक गया तो?"

त्यांनी माझी फाईल मिटली. "इसीलिए तो रोज देख रहे हैं," म्हणाल्या. चुकणार नाही, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. तेव्हा मला त्याचा राग आला होता. आता वाटतं, खोटं बोलल्या नाहीत हेच बरं केलं.

भीती कशी असते हे सांगायचं तर, ती दिवसभर रडवत नाही. हात पोटावरून काढू देत नाही. मी जेवताना डावा हात पोटावर ठेवायची, अंघोळीला जाताना ठेवायची. बाळ हललं की सुटायची. दोन मिनिटांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू.

तिसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेत विनय संत्री घेऊन आला. बराच वेळ सोलत बसला, एकेका फोडीच्या शिरा काढत. मग खाली बघतच म्हणाला, "तू तारीख पुढे ढकललीस तेव्हा मलाही बरंच वाटलं होतं. मी त्या दिवशी आईला म्हटलंसुद्धा, चला, आठवडाभर शांतता. आणि तुला मात्र असं बोललो." मी त्याच्या हातातली फोड घेऊन खाल्ली. त्या दिवसानंतर आम्ही दोघं एका बाजूला आलो.

सरोज खूप हसवायची. माझा एक हात कायम पोटावर असायचा, म्हणून ती मागे बसून माझी वेणी घालायची आणि तिच्या हरयाणवीत म्हणायची, "तेरा बालक घणा चालाक सै, मीनल. दिमाग मोटा कर रहा सै, पेट की फिकर ना करता. बाबू बणेगा दफ्तर में." एक दिवस तिला घाईने आत नेलं. दुपारपर्यंत मी तिच्या रिकाम्या खाटेकडे बघू शकले नाही. चार वाजता तिची नणंद येऊन सांगून गेली, मुलगी झाली, रडली, ठीक आहे. मी उशीत तोंड खुपसून रडले. सरोजसाठी किती आणि माझ्यासाठी किती, कोण जाणे.

चार रेघा

बत्तिसावा आठवडा संपून तीन दिवस झाले होते. नाश्त्याला दलिया होता. दहा वाजेपर्यंत माझ्या कागदावर चारच रेघा होत्या. एरवी एव्हाना दहा-बारा व्हायच्या. मी थंड पाणी प्यायले, कुशीवर वळले. पाचवी रेघ मारता आली नाही.

उगाच त्रास द्यायला नको, अजून थोडं थांबू, असा विचार आला होता. पण एकदा थांबून बघितलं होतं मी. सिस्टरला हाक मारली.

पट्टे बांधले. ठोक्यांची रेघ नेहमी डोंगररांगेसारखी वरखाली व्हायची, ती सपाट चालली होती. मग एकदा खाली गेली, आणि वर यायला वेळ लागला. सिस्टर बाहेर गेली आणि मोठ्या मॅडमना घेऊन आली. त्यांनी कागदाची पट्टी बोटांतून सरकवत बघितली.

"आज," त्या म्हणाल्या. "अभी."

विनय मेट्रोत होता, फोन लागेना. कागदांवर मीच सह्या केल्या. स्ट्रेचर नेताना आई धावत सोबत आल्या. भेटीची वेळ अकराची, पण त्या रोज आधीच येऊन जिन्यात बसायच्या, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला आणि प्रार्थना सुरू केली. दार आलं, प्रार्थना अर्धीच राहिली.

ऑपरेशनची खोली भयंकर थंड होती. कमरेखाली बधिर, छातीसमोर हिरवा पडदा. खूप ओढाताण जाणवली. मग शांतता. ती शांतता मी मोजली नाही, मला मोजताच आली नसती. मग मांजराच्या पिल्लासारखा एक आवाज.

"बेटी है," कुणीतरी म्हणालं. पारदर्शक प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी माझ्या चेहऱ्याजवळ आणलं. मला नुसते डोळे दिसले. मोठे, उघडे, एखाद्या म्हाताऱ्या बाईचे असावेत तसे. आणि मग ती गेली. वजन अकराशे ऐंशी ग्रॅम.

पकडायला काहीच नाही

दुसऱ्या दिवशी चाकाच्या खुर्चीतून मला नवजात कक्षात नेलं. कोपरापर्यंत हात धुतले, गाऊन घातला. पेटीत ती उताणी पडली होती. अंगावर कातडी सैल, जणू थोरल्या बहिणीचे कपडे चढवले आहेत. मांड्यांवर चुण्या. पाठीला आणि ढुंगणाला मांस म्हणून नव्हतं. नाकात नळी.

तिथल्या तरुण डॉक्टरांच्या हातात एक लहानसा चिमट्यासारखा मापक होता. त्यांनी तिच्या मांडीवरची कातडी दोन बोटांत हलकेच धरली, मापकाने मोजली आणि मान हलवली. "पकड़ने को कुछ है ही नहीं. वजन तो ठीक है, बढ़ जाएगा. हमें चिंता इस बात की है कि इसके पास रिजर्व नहीं है. न गर्मी का, न शुगर का."

डॉक्टर सेठींनी पडद्यावर दाखवलेली ती रिकामी जागा आता माझ्यासमोर होती. बाहेर दिल्लीचा जानेवारी चालू होता.

तिसऱ्या दिवशी तिची साखर एकदम उतरली. मी पेटीजवळच होते. तिचा हात बारीक थरथरायला लागला, मला वाटलं स्वप्न बघतेय. सिस्टरने टाचेतून रक्ताचा थेंब घेतला आणि लगेच दोघी-तिघी धावत आल्या. मला मागे सरकवलं. मी भिंतीला टेकून उभी, टाके ओढत होते, आणि माझ्या डोक्यात एकच विचार : माझ्या अंगावर एवढी चरबी आहे, दंडावर, कमरेवर, आणि हिला चमचाभर देता येत नाही. सलाइनमधून साखर गेली, वीसेक मिनिटांनी थरथर थांबली. सिस्टर म्हणाल्या, "अब ठीक है. आप दूध निकालिए, वही काम आएगा."

तेवढंच माझ्या हातात होतं. दर दोन तासांनी वाटीत दूध काढायचं. सुरुवातीला वाटीचा तळही ओला होत नसे. तेवढंही सिस्टर सिरिंजमध्ये ओढून नळीतून द्यायच्या, एक थेंब वाया जाऊ द्यायच्या नाहीत.

आईंना आत सोडत नव्हते. त्या काचेबाहेर उभ्या राहायच्या. घरून डब्यात माझ्यासाठी अळिवाची खीर यायची, आणि आता मी ती पोटभर, न कुरकुरता खायची.

छातीवर

दहाव्या दिवशी तिला माझ्या छातीवर ठेवलं. कातडीला कातडी लावून, वरून कपड्याने बांधून. टोपी, मोजे, आणि बाकी काही नाही. बाळाला स्वतःची ऊब नसेल तर माणसाची द्यायची, अशी ही साधी पद्धत. दिवसाचे जितके तास जमतील तितके. मी दमले की विनय बसायचा, शर्टाची बटणं उघडून, लाजत. आणि सिस्टरने एके दिवशी विचारलं, "दादी नहीं बैठेगी?"

आईंनी कोपरापर्यंत हात धुतले, तीनदा. गाऊन घालून आरामखुर्चीत बसल्या. सिस्टरने बाळ त्यांच्या छातीवर ठेवलं तेव्हा त्यांनी श्वासच रोखून धरला होता.

"श्वास घ्या, आई," मी म्हटलं.

तेव्हा ती चौदाशे ग्रॅमच्या जवळ आली होती. आईंनी बोटाने तिच्या दंडाखाली चाचपून बघितलं. "बाळसं धरायला लागलीय," त्या म्हणाल्या. मी विचारलं, म्हणजे काय. मला खरंच माहीत नव्हतं. "अगं, बाळाच्या अंगावर येतं ना ते. गुटगुटीतपणा. बाळसं." डॉक्टर मापकाने मोजत होते त्याला आपल्याकडे इतका गोड शब्द आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

बाळ झोपलं होतं. आई समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "विनयच्या आधी मला एक मुलगी झाली होती."

हे विनयनेही मला कधी सांगितलं नव्हतं. त्यालाही माहीत नव्हतं, हे नंतर कळलं.

"दिवस पुरे भरले होते. पण अशीच होती. अशीच कातडी, असेच डोळे. अकरा दिवस होती. मिशन हॉस्पिटलातली नर्स म्हणाली, लहान होती हो. सगळे तेच म्हणाले, लहान होती. मीही तेच म्हणत आले इतकी वर्षं." त्यांनी बाळाची टोपी सारखी केली. "त्या दिवशी तू बाहेर आलीस आणि उपाशी म्हणालीस. तुझं ते मशीन खरं असेल, तर माझी पोर माझ्या पोटात उपाशी होती, मीनल. आणि मी दोन वेळा जेवत होते."

मी त्यांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसले. टाके दुखत होते, पण बसले. मी त्यांना वारेचं सगळं पुन्हा सांगितलं. की ताटात किती आहे याने फरक पडत नाही, वाटेतच अडतं. की ते कुणाला दिसत नव्हतं, तेव्हा बघायचं काही साधनच नव्हतं. की मी सोनोग्राफी होऊनसुद्धा आठवडा घालवला, आणि तुम्हाला तर कुणी काही सांगितलंच नव्हतं. त्या ऐकत होत्या. पटलं की नाही, माहीत नाही. इतक्या वर्षांचं एका दुपारी पटत नसणार.

थोड्या वेळाने मी विचारलं, "नाव ठेवलं होतं?"

"हो." त्यांनी नाव सांगितलं. छान नाव होतं, जुन्या वळणाचं.

आमच्या मुलीचं नाव अजून ठरलं नव्हतं. पेटीवरच्या पट्टीवर फक्त माझं नाव होतं, पुढे 'बेबी ऑफ' लावून. मी म्हटलं, "आई, आपण हिचं तेच नाव ठेवू या का?"

आईंनी लगेच मान हलवली. हळूच, छातीवरचं बाळ जागं होऊ नये म्हणून.

"नको," त्या म्हणाल्या. "ते तिचं आहे. हिला हिचं दुसरं शोधा."